बासष्ट विहिरी, एकसष्ट ग्राफ

मंगळवार, पुसद

सकाळी बाबांना फोनवर म्हटलं, पाणीपातळीच्या ग्राफमध्ये आपली विहीर भरलेली दिसते. ते म्हणाले, "मंग तुही माय टँकरपाशी कायले उभी हाये?" तेव्हापासून चैन नाही.

संध्याकाळी मोजलं. विहिरी बासष्ट, ग्राफ एकसष्ट. प्रोग्राम मीच लिहिलेला: प्रत्येक विहिरीचा ग्राफ काढायचा, गावाच्या नावानं सेव्ह करायचा. काहीच चूक दाखवली नाही त्यानं. मग एक गेला कुठं?

यादीत आमचा बंजाऱ्यांचा तांडा शेजारच्या गावाच्याच नावावर आहे. तांड्याचा ग्राफ आधी सेव्ह झाला, मग गावाचा त्याच नावानं त्याच्यावर बसला आणि तांड्याचा पुसला गेला. सकाळी मी पाहिली ती गावाची विहीर होती.

एकसष्ट. शाळेत असताना मीही गावाचंच नाव सांगायची, तांड्याचं कधीच नाही. प्रोग्रामला दुसरं कोण शिकवणार होतं?