दुसरा रकाना

प्रिय धाकटे,

तुझं पत्र परवा मिळालं. शुक्रवारी मुलीच्या शाळेत पसंतीचा कागद द्यायचा आहे आणि त्यावर तू कामशाळा लिहिणार आहेस, इथपर्यंत वाचून मी पत्र मिटलं. मग पुन्हा उघडलं. "आपल्या घरात माझं डोकं हे असं. पोरीची उगाच फरफट कशाला?" असं लिहिलं आहेस. बाई मुलीला हुशार म्हणतात, तर तुझं म्हणणं, त्या सगळ्यांनाच म्हणतात.

बालवाडीत सगळी मुलं एका सतरंजीवर बसतात, आठवीपर्यंत एका बाकावर. मग तो कागद येतो. त्यावर दोन रकाने. पहिल्यातली मुलं वरच्या शाळेत आणि तिथून विद्यापीठात जातात. दुसऱ्यातली कामशाळेत आणि तिथून कारखान्यात. दुसऱ्यातून पहिल्यात यायला वाट नाही. तुझ्या वेळी कागद वर्गशिक्षक भरायचा. घरी फक्त रकाना कळवायचे, गुण शाळेच्या कपाटात राहायचे. आता पालकांना विचारतात, एवढाच फरक.

तुझा वर्गशिक्षक मीच होतो. चाळीस मुलांतली चौदा दुसऱ्या रकान्यात घालायची होती. हेडमास्तर दारातूनच म्हणाले, "मास्तर, चौदा म्हणजे चौदा. एक जरी कमी पडलं तर वरचे माझी हजेरी घेतील." तेरा नावं लिहून झाली होती. राहिला पोस्टमनचा मुलगा. त्याला भागाकार येत नव्हता. तास चालू असताना बाकावर होड्या काढत बसायचा. त्याच्या नावापर्यंत पेन नेलं आणि शिक्षकांच्या खोलीतलं सकाळचं बोलणं आठवलं. "मास्तरांच्या लेकीला कसली काळजी? घरचंच दुकान!" सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी विचारलंस, "बाबा, गणितातच गेले ना माझे?" मी हो म्हणालो. तुझ्या आईनं एकदाच विचारलं, "किती पडले हो तिला?" मी म्हणालो, काठावर. ती गेली ते तेच खरं मानून. त्या वर्षीच्या पालकसभेत हेडमास्तरांनी मला उभं केलं. स्वतःच्या मुलीलाही सूट न देणारा शिक्षक, म्हणाले. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत तूही वाजवत होतीस.

बावीस वर्षं तू बुटांचे तळवे चिकटवते आहेस. तुझ्या खोकल्याबद्दल मला जावयांच्या पत्रातून कळतं.

गणितात तुला ब्याण्णव होते. वर्गात तू दुसरी होतीस. पोस्टमनच्या मुलाचं नाव लिहिलं असतं, तर कुणी ब्रही काढला नसता. मी तुझं लिहिलं, कारण मला त्या खोलीत ताठ मानेनं चहा प्यायचा होता. हे आईला सांगायचं राहिलं. तुलाही सांगितलं नसतं. इतकी वर्षं गप्प राहणं जमलं होतं. पण आता माझं खोटं तू स्वतःच्या हातानं मुलीच्या कागदावर लिहायला निघाली आहेस. मला क्षमा करू नकोस, उत्तरही पाठवू नकोस. शुक्रवारी फक्त पहिला रकाना भर.

तुझाच,
बाप आणि वर्गशिक्षक