बाबांचं एकुलतं एक इंग्रजी क्रियापद

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं इंग्रजी काही आपल्या घरातून गेलं नाही. इंग्रजी म्हणजे तरी काय, एकच क्रियापद: अ‍ॅडजस्ट. ‘मी अ‍ॅडजस्ट करतो’ असं तुमच्या तोंडून कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. तो शब्द तुम्ही आईसाठी आणि माझ्यासाठी राखून ठेवला होता.

माझी दहावी आठवते? काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून काका-काकू मुलांसकट गावाहून चारकोपला आपल्या एवढ्याशा खोलीत उतरले. खिडकीपाशी माझी अभ्यासाची जागा, तिथे काकांची गादी पडली. तुम्ही खुर्चीत बसून, पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, “बाय, जिन्यात बस गो. जरा अ‍ॅडजस्ट कर.” खुर्ची मात्र तुमचीच राहिली. आई ओट्यापाशी पाय दुमडून झोपायची, तिला तर सांगावंही लागत नसे. जाताना काका म्हणाले, भाऊचं मन मोठं. मन तुमचं मोठं आणि जागा आमची! मला तेव्हाही हसू आलं होतं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

चीड येते ती याची, की तुम्हाला या शब्दाचा अर्थ नीट ठाऊक होता. एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे: मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या तुमच्या कारखान्यात डबा घेऊन आले आहे. तुम्ही मशीनच्या पट्ट्यावर वाकून हाताखालच्या माणसाला झापताय, “अरे, एकाच बाजूचा बोल्ट काय पिळतोस? दोन्हीकडून अ‍ॅडजस्ट कर, नायतर पट्टा फाटेल!” मी दारात उभी राहून ऐकते आहे. मशीनला तुम्ही जेवढा न्याय दिलात, तेवढा घरातल्या बायकांना दिला नाहीत. लग्नानंतर सासरचे नोकरी सोड म्हणून मागे लागले, तेव्हा मी तुमच्याकडे रडत आले. तुम्ही टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाहीत. “अ‍ॅडजस्ट करून घे,” म्हणालात. मी नोकरी सोडली, आणि तुम्ही नातेवाइकांत मिरवलंत, आमची मुलगी फार अ‍ॅडजस्टिंग. किळस येते मला त्या कौतुकाची.

आता आपली बिल्डिंग पाडून टॉवर होतोय. परवा तुमच्या मुलाने मला मुद्दाम जेवायला बोलावलं. मटण, वडे, सगळं साग्रसंगीत. हात धुऊन सोफ्यावर बसते न बसते तोच त्याने हक्कसोडपत्र पुढे केलं. भावाला हिस्सा सोडून द्यायचा आणि साडी घेऊन घरी जायचं, ही आपल्याकडची रीत. साडीही आणून ठेवली होती, टीपॉयवर, प्लास्टिकसकट.

“ताई, फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर झाला की लोन पटकन होतं. तू जरा अ‍ॅडजस्ट कर ना यार.”

हुबेहूब तुमचा सूर. मेहनत न करता वारशात मिळालेला.

“नाही करणार,” मी म्हटलं. “माझा हिस्सा मला हवाय.”

“बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं?”

“बाबा असते तर खुर्चीत बसून पेपर वाचत असते रे.”

भावजयीने साडी उचलून कपाटात ठेवली. मी सही केली नाही, आणि करणारही नाही. बायका नाही म्हणाल्या की तुमचा पट्टा कसा फाटतो, ते तुम्ही बघायला हवं होतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही तेच बरं, कारण पुढचं तुम्हाला कळता कामा नये. थोड्या वेळाने भावजयीची आई आली. सोफ्यावर आम्ही आधीच तिघं होतो. मला कुणी काही म्हणालं नाही, तरी मी अंग चोरून सरकले, आणि निघेपर्यंत तशीच सोफ्याच्या कडेवर अर्धी टेकून बसून राहिले.