पडद्याच्या खालच्या अर्ध्यात शुभा

६ फेब्रु. ८९, सोम.
केबल टाकून झाली. गणित आणि आमचं संख्याशास्त्र, दोन्हीकडची मशीनं आता एका तारेवर. मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरला फोन लावणारा डबा, मोडेम, एकच. तो माझ्या खोलीतल्या मशीनला. बाकीच्यांनी या मशीनला सांगायचं, ते सगळ्यांच्या वतीनं मुंबईशी बोलणार. कंपनीचे बोरकर म्हणाले, प्रत्येक मशीनला वेगळा नंबर लागतो, आतल्या कार्डावरच्या बारीक खटक्यांनी तो ठरवायचा. दोघांचा सारखा झाला की सगळीच अडतात.

सगळीच अडलीत. माझं तर सुरू होतानाच थिजतं. केबल काढून पाहिली, पण फोन लावायचा प्रोग्रॅम खालच्या मजल्यावरच्या मशीनमध्ये, केबलशिवाय तो मिळत नाही. विभागप्रमुख रजेवर जाताना सांगून गेलेत, मार्चपर्यंत चालू झालं नाही तर मोडेम इंजिनीअरिंगवाले नेतील. चार्ज माझ्याकडे. मी कुठं मागितला होता.

७ फेब्रु.
गणिताचे देवतळे सर आज परत खुर्ची ओढून बसले. एम.एस्सी.ला मला शिकवलेले. मुलगी शुभा लहान असताना सरांना मोठं दुखणं झालं, तेव्हापासून त्यांचे कान पूर्ण गेले. समोरच्याचे ओठ वाचतात, आणि स्वतः अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलतात. शुभा एकुलती एक, मुंबईला एम.टेक. करते. रविवारी शेजाऱ्यांकडे तिचा फोन येतो. काकू, म्हणजे तिची आई, बोलतात, सर बाजूला उभे. मग काकू सांगतात काय म्हणाली ते.

"मले पोरगी गाळून भेटते वं मंदा," म्हणाले. "चहासारखी."

बोरकरांनी त्यांना सांगितलंय की मुंबईच्या मशीनवर दोन माणसं एकाच वेळी लिहू शकतात, एकमेकांना दिसतं. तेव्हापासून हलत नाहीत. मी म्हटलं, सर, दोन दिवसांनी या. ओठ वाचलेच नाहीत. मुद्दाम.

९ फेब्रु.
बोरकरांनी सगळी मशीनं उघडून नंबर तपासले. सगळे वेगळे. तरी तेच. ते गेले अमरावतीला.

१३ फेब्रु., सोम.
सापडलं.

सकाळपासून एकेक खोलीची केबल काढून बघत होते. शेवटी व्हरांड्यातल्या जोडावरून एक तार विभागप्रमुखांच्या बंद खोलीत जाताना दिसली. ती काढली मात्र, माझं मशीन सुरू. खालचंही सुरू. शिपायानं खोली उघडून दिली, तर आत साहेबांचं मशीन चालूच, रजेवर जाताना बंद करायचं राहिलेलं. तपासताना ते कोणी मोजलंच नव्हतं. नंबर नक्की माझाच असणार. म्हणजे इतके दिवस माझी हाक त्या कुलुपामागे जात होती. साहेबांच्या माघारी त्यांचं मशीन उघडायची माझी हिंमत नाही. तार तेवढी काढून ठेवली.

१५ फेब्रु.
मुंबई लागली. मोडेम आधी शीळ घालतं, पलीकडून दुसरी शीळ येते, मग दोन्ही मिळून खरखर. आणि पडद्यावर मुंबईच्या मशीनचं नाव. मी नागपुरात, बाहेर शिपाई चहा घेऊन राहिला, आणि हे नाव.

सरांनी मोडेमवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "आहे," म्हणाले. "कोणी तरी आहे तिकडं."

शनिवार ठरला. काकू शेजाऱ्यांच्या फोनवरून शुभाला सांगणार, अकराला तिच्या लॅबमध्ये बस म्हणून.

१८ फेब्रु., शनि.
नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. लाईन लागली. पडद्याचे दोन भाग झाले, वरचा आपला, खालचा तिचा. इंग्रजी अक्षरांत मराठी. सरांनी एका बोटानं लिहिलं, शुभा. खालच्या भागात एकेक अक्षर उमटायला लागलं. बाबा. तुम्ही स्वतः लिहिताय का?

एकेक अक्षर. चुकलं की ती खोडते, तेही दिसतं. मध्येच थांबते, तेही. सर पडद्याच्या इतके जवळ गेले की चष्मा काचेला लागला. ती थांबली की मला बोटानं दाखवायचे. "पाहा, विचार करून राहिली ती." पोरीचं अडखळणं या माणसानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

मेस, थंडी नाही, गाइड कडक आहेत, असं चाललं होतं. मग तिनं लिहिलं, टाके आता दुखत नाहीत, काळजी करू नका.

सरांनी लिहिलं, कोणते टाके?

खालचा भाग थांबला. मग, आई. खोडलं. आईनं. खोडलं. तुम्हाला आईनं सांगि. आणि पडदा थिजला.

मी धावत व्हरांड्यात. साहेब रजेवरून आले होते, आपली तार सुटलेली दिसली म्हणून त्यांनी स्वतःच जोडून घेतली होती. ते काय करणार, त्यांना कोणी सांगितलं होतं.

परत आले तर सर तसेच बसलेले. दिवाळीत ती आली नव्हती, परीक्षा म्हणून. काकू मुंबईला गेल्या होत्या, भाचीच्या बाळंतपणाला. हे मला माहीत होतं. सरांनाही तेवढंच माहीत.

"घरी काही बोलू नको," म्हणाले. पहिल्यांदाच हळू.

१९ फेब्रु., रवि.
आज शेजाऱ्यांकडे फोन आला असेल. काकूंनी काय सांगितलं असेल?

२२ फेब्रु.
बोरकर आले. साहेबांच्या कार्डाचा नंबर बदलला, दोन खटके इकडचे तिकडे. एवढंच होतं. साहेब खूष, मोडेम इथंच राहणार. सर या बाजूला फिरकले नाहीत. सोमवारी वर्गावर होते म्हणे, शिकवलं नेहमीसारखं.

२५ फेब्रु., शनि.
सर आले. सोबत काकू. काकू या इमारतीत कधी आल्या नव्हत्या. पदर सावरून दाराशीच उभ्या. सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

मी लाईन लावून दिली, उठले. काकूंना नमस्कार केला, त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला. बाहेर व्हरांड्यात थांबले, मशीन परत अडलं तर कोणी तरी हवं म्हणून.

सर वाचून दाखवत होते, त्यांच्या त्या आवाजात. बाबा, आई आहे का सोबत. हो लिहितो, सर म्हणाले. एका बोटाचा आवाज. मग ती काय लिहिते ते पुन्हा मोठ्यानं. मला ऐकायचं नव्हतं, पण जिन्यापर्यंत ऐकू गेलं असतं. नोव्हेंबरातच झालं ऑपरेशन. आईला मीच नको म्हणाले सांगायला. डॉक्टर म्हणाले की.

तिथं सर वाचायचे थांबले.

दारातून पाठ दिसत होती. पडद्यावर हिरवी अक्षरं सरकत होती, ओळीमागून ओळ. ती लिहीत होती, ते वाचत होते, इथून मुंबईपर्यंत मध्ये कोणीच नव्हतं.

काकूंनी विचारलं, "काय म्हणते जी?" थोड्या वेळानं परत, "सांगा ना, काय म्हणते?"

सरांचं तोंड पडद्याकडे होतं.