मांतुआची चौदा नाणी

ॲन आर्बर, नोव्हेंबर

प्रिय संजय भावजी,

फोनवर तुम्ही मध्येच बोलाल आणि माझं राहून जाईल, म्हणून लिहितेय. तिकडे तुमच्या श्रूजबरीला थंडी सुरू झाली असेल. इथे काल पहिला बर्फ पडला. मी ड्राइव्हवे साफ केला, वरणभात लावला, झोपले. असंच चाललंय.

वाईट बातमी आधी सांगून टाकते. इटलीतल्या मांतुआच्या ड्यूकांची चांदीची नाणी मी घासली. चौदाच्या चौदा. तुम्ही आणि गिरीशनं भागीत घेतलेलं, सहा महिने तुमच्याकडे नि सहा महिने आमच्याकडे राहणारं ते सूर्याच्या तोंडाचं नाणंसुद्धा. आईच्या पद्धतीनं, रांगोळी आणि टूथपेस्ट. चारशे वर्षांचा काळा थर दहा मिनिटांत सिंकमध्ये गेला. अहो, तो थर गेला की जुन्या नाण्याची किंमतच जाते, हे मला ठाऊक होतं! बावीस वर्षं या घरात त्या नाण्यांवर फुंकर मारायचीसुद्धा चोरी होती. एकदा नुसतं फडकं लावलं, तर गिरीश दोन दिवस बोलला नव्हता.

पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी निरांजनं घासत होते, तर हा स्वतःच ट्रे घेऊन आला आणि म्हणाला, हीपण घास. मी म्हटलं, अगंबाई, सुधारला की हा माणूस! खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटलं मला.

नाणी पाटावर मांडली आणि मी वाट पाहत राहिले. आता हा भानावर येईल, मला अक्कलशून्य म्हणेल. त्यानं सूर्याचं नाणं उचललं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, छान आहेत गं, चांदीची आहेत का? कुणी दिली?

मी म्हटलं, हो, चांदीची. मग आरती म्हटली. रडू आलं नाही. अजून येत नाही.

डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं होतं, विस्मरणाचा आजार आहे, वाढत जाणार. मी इलालाही, आमच्याच लेकीला, सांगितलं नाही. बाबा दमतो म्हणते. तुमचा फोन आला की तो अंघोळीला गेलाय असं मीच सांगायचे. इतक्या अंघोळी कोण करतं, भावजी? तुम्हाला शंकासुद्धा आली नाही.

नाण्याची माफी मागायला हे लिहिलेलं नाही. परवा तुमचा फोटो बघून तो हसला. नाव सांगता आलं नाही, पण हसला. तेवढं आहे तोवर या. आणि आल्यावर नाणी बघून माझ्यावर चांगले ओरडा, त्याच्यासमोर. या घरात कुणीतरी ओरडायला हवं.

तुमचीच,
वीणावहिनी