टिंबसुद्धा ऐकू येतं

नितीन, भाताच्या आवणीला माणूस मागितला होता, तू खोकं पाठवलंस. रोप उपटायला, मुठी बांधायला, चिखलात वाकायला हात लागतात. तू पाठवलेल्या वस्तूला हात नाहीत, नुसते कान आहेत, तेही आतून पोकळ. शेवटी मी सुकरीच्या शेतात वाकले आणि सुकरीच्या घरची माझ्या शेतात वाकली, अशी आवणी झाली. माझी कंबर अजून तिथेच आहे, बाकीची मी घरी आले. हे आधी लिहिलं, कारण आशीर्वाद आधी लिहिला की तो घेऊन तू मोकळा होतोस आणि पुढचं वाचत नाहीस.

तर आता आशीर्वाद. ठाण्यात सुखात राहा, वेळेवर जेव, दुकानाच्या मालकाशी उलट बोलू नकोस (उलट बोलायची सवय माझ्याकडून गेली आहे, पण मी कोणाकडे नोकरीला नव्हते). तुझा खोकला गेला का? फोटोवरून अंगणवाडीची योगिता म्हणाली की पोट सुटलंय, ते कोणाच्या हातच्या जेवणाने ते मला माहीत नव्हतं, आता आहे, त्यावर पुढे येते. माझी तब्येत विचारशील तर डावा गुडघा बोलतो, उजवा ऐकून घेतो. शेळी ठीक आहे. तुझी लाल कोंबडी मुंगसाने नेली. नागली बरी दिसते. बाकी पाड्यावर विचारण्यासारखं कोणी उरलं नाही, अर्धी दारं बाहेरून कडी घातलेली आहेत, कामाला गेलेली माणसं होळीला दिसली तर दिसली.

तू विचारलंस की आजी, आवाजाची क्वालिटी कशी वाटली ते नीट सांग, हा आमच्या दुकानातला सगळ्यात भारी पीस आहे, गिऱ्हाईक उभ्याउभ्या ऐकतात आणि वा म्हणतात. मी उभ्याउभ्या वा म्हणणारी बाई नाही. मी बसून ऐकलं. आता सांगते, आणि तिसरीत शाळा सोडलेल्या बाईच्या अक्षरात चुका काढत बसू नकोस.

खोकं जीपवाल्या ढवळूने आणून दिलं. योगिताने ते उघडलं, फोनला लावून दिलं. दिसायला म्हशीच्या शिंगांसारखं आहे. त्याचं नाव मला बोलता येत नाही म्हणून मी त्याला कानझाकण म्हणते. डोक्यावर चढवलं की आत एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलते. मी तिला कोण पाहिजे म्हणून विचारलं, तर गप्प. योगिता हसून म्हणाली की ती फक्त जोडलं गेलं एवढंच सांगते. कोण कोणाशी जोडलं गेलं ते मात्र सांगत नाही. अर्धवट बोलणारी बाई मला आवडत नाही, पण चहाला बसत नाही म्हणून चालवून घेतली.

मग योगिताने कुठलं तरी बटण दाबलं आणि धबधबा बंद झाला.

नितीन, मी लग्न होऊन या पाड्यावर आले तेव्हा पहिले काही दिवस मला धबधब्याने झोप लागली नव्हती. पावसाळाभर तो आवाज भिंतीतून येतो, भाताच्या हंड्यात शिरतो, माणूस माणसाशी ओरडून बोलतं (तुझा आजोबा भांडखोर नव्हता, त्याला ओरडायची सवय धबधब्याने लावली). पुढे तो आवाज आहे हे मी विसरून गेले, जसा आपल्याला आपला श्वास ऐकू येत नाही. आणि त्या कानझाकणाने तो पुसून टाकला. मला वाटलं मी बहिरी झाले. मग वाटलं मेले. मग समोर योगिताचं तोंड हलताना दिसलं, म्हणजे मी आहे, ती कुणाला तरी बोलते आहे. काढलं की धबधबा परत. घातलं की गेला. तुम्ही लोक म्हणे शांतता विकत घेता. मला विचारलं असतंस तर इथून पोतं भरून पाठवली असती. पण एक खरं सांगते, धबधब्याखाली घर एवढं रिकामं आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो बोलत होता म्हणून कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बसून तुझा मेसेज लावला. बटण कुठलं ते योगिताने शिकवलं होतं. आजवर तुझे मेसेज मी नुसत्या फोनवर ऐकायचे, त्यात धबधबा मिसळायचा, तू डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा वाटायचास. यात तसं नाही. यात तू माझ्या दोन कानांच्या मधोमध येऊन बसलास. तुझा नाक ओढायचा आवाज आला. लहानपणी तुझ्या आईबापाच्या मागे मी तुला गोष्टी सांगायचे, तू हं म्हटल्याशिवाय पुढची सांगायची नाही असा आपला नेम होता. तू झोपलास की हं थांबायचं, गोष्ट थांबायची. तर तू बोलायला लागलास तशी मीही हं म्हणायला लागले. तू म्हणालास दुकानात गर्दी आहे, मी म्हटलं हं. तू म्हणालास गौरी-गणपतीलाही सुट्टी नाही, मी म्हटलं हं. मग ध्यानात आलं की तू थांबत नाहीस. मी हं म्हटलं काय, न म्हटलं काय, तुझी गोष्ट चालूच.

आणि तेवढ्यात तुझ्या दुकानात कुकरने शिट्टी दिली.

मी पुन्हा लावला. या वेळी डोळे मिटून, भिंतीला टेकून, तुला सोडून तुझ्या मागचं ऐकलं. कुकर आहे. पंखा आहे, त्याची एक पाती घासते, ती वाकवून घे. बांगड्या आहेत, काचेच्या, ताटली पुसणाऱ्या हातातल्या. आणि तू सुट्टी नाही म्हणून थांबलास तिथे कोणीतरी अगदी हळू म्हणतं, सांग ना आजींना.

आजींना. जन्मात मला कोणी आजींना म्हटलेलं नाही. इथे मी मंगळी, नाहीतर म्हातारी, फार तर आजीला. ते जी च्या डोक्यावरचं टिंब मला शाळेत कधी नीट देता आलं नाही, बाईंनी त्यासाठी हातावर छडी दिली होती. ते टिंब मला ऐकू आलं. तुझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांग, की क्वालिटी अशी आहे, यात टिंबसुद्धा ऐकू येतं.

म्हणून मी ते पुन्हा पुन्हा लावत बसले, आणि हं म्हणायची खोड लागलेली ती काही सुटेना. आता ऐक काय झालं. सुकरी ताक द्यायला आली होती. तिने दारातून हाक मारली, मला कशी ऐकू येणार, मी तुझ्या स्वयंपाकघरात. तिने आत डोकावलं तर म्हातारी भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, डोक्यावर काळी शिंगं, आणि समोर कोणी नसताना थांबून थांबून हं म्हणते आहे. सुकरी ताकाचा लोटा तिथेच टाकून पळाली. मी डोळे उघडले तेव्हा घरात सगळा पाडा बसलेला. उरलेला सगळा, म्हणजे म्हातारे, लेकुरवाळ्या आणि दोन कुत्री. लाडक्या भगत समोर सुपात तांदूळ घेऊन बसला होता आणि मला अदबीने विचारत होता की तू कोण, कुठली, काय पाहिजे तुला. मी कानातलं काढून म्हटलं, मला ताकाचा लोटा कोणी सांडला ते पाहिजे.

यावर माणसं हसून उठून गेली असती, पण लाडक्या भगताने तांदूळ मांडले होते, आणि मांडलेले तांदूळ तो वाया घालवत नाही. तो म्हणाला की हिला काही नाही, जे आहे ते त्या शिंगांत आहे. मग ती त्याने स्वतःच्या डोक्यावर चढवली (आधी टोपी काढली, मग टोपी घडी करून खिशात ठेवली, आदर होता). मी तुझा मेसेज लावला. भगत डोळे मिटून ऐकत राहिला. शेवटी त्याने शिंगं काढून मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं.

"बाई आहे. परकी आहे. वाकडी नाही."

सुकरीने पदर तोंडाला लावला. तिने विचारलं की आता हिला घालवायची कशी. भगत तांदळाकडे बघत होता, पण बोलला माझ्याकडे बघून. मला अजून कळत नाही की त्याला काय कळलं.

"घालवायची कशाला? भुकेली असेल तर जेवायला घाल, मंगळे."

मग ज्याला त्याला ऐकायचं होतं. भगताला मी पदराखालून पुढचं सांगू नको म्हणून खूण केली आणि तुझा मेसेज बंद केला, योगिताच्या फोनवरून गाणी लावली. सुकरी म्हणाली, ढोल चांगला वाजतो पण पायाखालची जमीन हलत नाही, मग तो ढोल कसला. देवराम, जो कानाने पार गेलेला आहे, तो म्हणाला फार छान, आणि गाणं संपल्यावरही घालून बसला. मी काळा चहा केला. कप पुरले नाहीत, वाट्यांतून दिला. इतकी माणसं माझ्या घरात तुझ्या बापाच्या दिवसकार्याला होती, त्यानंतर आता. संध्याकाळी गेली. जाताना सुकरी म्हणाली की पुन्हा कधी झटका आला तर सांग. मी म्हटलं बघू.

नंतर मी तुझे जुने मेसेज लावले. संक्रांतीच्या मेसेजात नुसता तू आणि पंखा. होळीच्यात, जिथे तू म्हणालास मित्र सोडत नाहीत, तिथे बांगड्या आहेत. म्हणजे होळीपासून ती तिथे आहे, आणि होळीपासून तू माझ्याशी दुकानातून बोलतोस. ती कोण, कुठली, कोणाची, ते मी विचारत नाही. तुला भीती वाटली एवढं मला कळलं. माझी भीती तुला वाटावी असं मी काय केलं ते तूच मला सांगायचं आहेस, तेही तोंडावर.

तर आवाज चांगला आहे. वस्तू वाईट आहे, घातली की दारात आलेलं माणूस ऐकू येत नाही, आणि माझ्या दारात माणूस रोज येत नाही. म्हणून ती ढवळूच्या जीपने परत पाठवते आहे. सांभाळून राहा.

तुझी आजी मंगळी

जाता जाता. परत पाठवत नाही. लाडक्या भगत रविवारी पुन्हा येतो म्हणाला आहे, देवरामही.

आणखी एक. तू म्हणशील आजी, कागद कशाला, बोलून पाठवायचं. पाठवलं असतं. पण तुझ्याकडेही असलंच कानझाकण असणार, आणि तू माझ्या मागचं ऐकशील. तुझ्या मागे कुकर आहे. माझ्या मागे काय आहे ते तुला ऐकवायचं नव्हतं.

आणि हे खरं काम. लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडायला लागलं आहे, कापलं की दोघं या. नवा भात देवाला दाखवल्याशिवाय आपल्या घरात कोणी तोंडात घालत नाही, हे तू तिला समजावून सांग, म्हणजे ती रुसणार नाही. भगताने जेवायला घाल म्हणून सांगितलंय, मी भगताचं मोडत नाही. कोंबडी मुंगसाने नेली तरी कोंबडा आहे.

उत्तर तू द्यायचं नाही. तू दुकानातून देशील. जी मागे बोलते तिने पुढे येऊन द्यायचं. फार बोलायला नको, नुसतं हं म्हटलं तरी मला ऐकू येईल.