तिसरा अर्ज

ता. १२, मंगळवार
जेवणाची सुट्टी

ताईस नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे ठीकच आहे. भाचीची परीक्षा कशी गेली ते कळव.

महिना झाला तरी मी का फिरकलो नाही, असं विचारतेस. ऑफिसात काम फार होतं. हे खरं नाही, पण आधी हेच लिहून पाहिलं.

तुझा अर्ज आला आहे. तक्रार निवारण कक्षात, माझ्याच टेबलावर. "शाळेची मागची भिंत धोकादायक झाल्याचे तीन अर्ज माझ्या पतीने केले, तिन्ही निकाली निघाल्याची पत्रं घरी आली, आणि मुलांना बाजूला काढताना तीच भिंत त्यांच्या अंगावर पडून ते गेले," असं तू लिहिलं आहेस. तिसऱ्या अर्जावर शिक्का मारणाऱ्याचं नाव तुला हवं आहे. चार पानांत एकही खाडाखोड नाही.

आमच्याकडची पद्धत तुला ठाऊक नाही. ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याकडे अर्ज पाठवायचा, आणि पाठवला की 'निकाली' शिक्का मारायचा. बांधकाम विभाग तो शाळा विभागाकडे पाठवतो, शाळा विभाग परत आमच्याकडे, आणि प्रत्येक जण आपापला शिक्का मारतो. पंधरा दिवसांच्या आत सगळ्यात जास्त अर्ज निकाली काढले म्हणून गेल्या वर्षी आमच्या कक्षाचा पहिला नंबर आला. सत्काराच्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे. तो फोटो तूच हौसेने फ्रेम करून घेतलास.

भावजी मला 'सरकार' म्हणायचे. या सरकार, बसा सरकार. मी एकदा म्हटलं होतं, काही काम असेल तर सांगा, आतून करून घेतो. त्यावर ते म्हणाले, "मग ज्याचा मेहुणा आत नाही त्याने कुठे जायचं? मी आपला रांगेतूनच जाणार."

रांगेतून ते माझ्यापर्यंत आले.

शिक्का मारणाऱ्याने अर्ज वाचलाच नसेल, असं तू लिहितेस. वाचला होता, ताई. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं होतं. सोबत भिंतीचं चित्र होतं, पेन्सिलीने काढलेलं, भेगेपाशी लिहिलं होतं: तीन बोटं जातात. मला हसू आलं. मास्तरांना भारी हौस, म्हटलं, रविवारी चिडवू. आणि शिक्का मारला. रविवारी तुझ्याकडे आलो, पोटभर जेवलो, आणि चिडवायचंही विसरलो.

आज तुझ्या अर्जाचा पंधरावा दिवस. सकाळी साहेबांना सांगितलं, शिक्का माझा आहे, तसं उत्तर लिहू द्या. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं. "तुम्ही नियमानेच केलंत. तुमची चूक म्हटली तर आम्हा सगळ्यांचीच म्हणावी लागेल," म्हणाले. चौकशी कोण करतंय विचारलं, तर बांधकाम विभाग.

तेव्हा तुला तीन ओळींचं पत्र येईल. बाब संबंधित विभागाकडे पाठवली आहे. खाली सही माझी असेल, आत्ताच करून आलो. नाही म्हणायला हवं होतं. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. मी उठलो तर या खुर्चीवर दुसरा बसेल, आणि तोही वाईट माणूस नसेल. याचाच मला धसका बसला आहे.

खरं उत्तर कार्यालयातून कधीच येणार नाही, म्हणून हे पत्र. हवं तिथे दाखव. भाचीलाही वाचून दाखव. माझ्यात हिंमत नाही, तुझ्यात आहे.

अर्जात नाव विचारलं आहेस. मी जन्मलो तेव्हा नाव ठेवायचं आईने तुझ्यावर सोपवलं होतं. तू ठेवलंस, तेच.

तुझा
धाकटा