पिकगार्ड मी लावणार नाही

प्रिय बाबा,

आधी कबूल करते. तुम्ही माझ्यासाठी केलेल्या मंडोलिनवर आता ओरखडे आहेत. तारांच्या खाली, जिथे तार छेडायची पिक सारखी फिरते तिथे पॉलिश उडून पांढरं लाकूड दिसतं. पिकगार्ड, म्हणजे तुम्ही तिथे बसवलेली ती पट्टी, असता तर हे झालं नसतं. इथवर तुमचं बरोबर. यापुढे मात्र मी तुमचं ऐकणार नाही.

ती पट्टी तुम्ही कशी केलीत ते मी विसरलेले नाही. मी सोळा वर्षांची होते. घरामागच्या खोलीत तुम्ही बारीक करवतीने ती कापलीत आणि तीन दिवस कापडाने तिच्या कडा घासत बसलात. आई म्हणाली, लेकीच्या लग्नातही तुम्ही एवढं लक्ष घालणार नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, पट्टी नसलेलं मंडोलिन म्हणजे एप्रन न बांधलेला रंगारी. मला ते पटलं होतं. नऊ वर्षं पटलं.

मग माझं मनगट धरायला लागलं. जलद वाजवताना करंगळी त्या पट्टीवर टेकायची, टेकली की रुतून बसायची आणि अख्खा हात लाकडासारखा व्हायचा. शिवाय नखं तिच्यावर टकटक आपटायची. हळुवार चाल वाजवावी तर मागे कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटायचं. करंगळी उचलायला शिक, असं तुम्ही म्हणालात. वर्षभर शिकले, नाही जमलं. शेवटी एका दुपारी तीन स्क्रू काढले आणि भोकं बुजवली. आठवड्याभरात हात मोकळा झाला. ज्याची करंगळी ऐकते, त्याने खुशाल पट्टी लावावी. माझी ऐकत नाही.

सुट्टीत घरी आले तेव्हा तुम्ही भिंग घेऊन ओरखडे पाहिलेत आणि आईला म्हणालात, हिला सांग, वाद्य कसं वापरतात ते. मी समोरच उभी होते, बाबा. तेव्हापासून अकरा वर्षं आपण आईच्या तोंडून बोलतोय. त्या बिचारीचा पार टपालवाला झालाय.

आता वाद्यवृंदाचं. मी वाजवायचे तिथून मला काढलं, हे तुम्हाला कळलंच आहे. ओरखड्यांपायी काढलं, असं तुम्ही तुमच्या वाद्यांच्या दुकानात येणाऱ्यांना सांगता म्हणे. खरं काय झालं ते ऐका. नवे व्यवस्थापक आले, त्यांनी सगळ्यांची वाद्यं टेबलावर मांडायला लावली. माझ्या मंडोलिनवरची बुजवलेली भोकं पाहून बारा जणांसमोर म्हणाले, कारागीर पट्टी बसवताना चुकला असणार, मग झाकाझाक केली. मी गप्प बसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी म्हटलं, कारागीर चुकलेला नाही. त्याने बसवलेली पट्टी इतकी चोख होती की ती काढताना मला घाम फुटला. काढली मी, आणि पुन्हा लावणार नाही. पट्टी लावून आणायला त्यांनी आठ दिवस दिले. नवव्या दिवशी मी तशीच गेले, तर माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं होतं. स्टँड उचलला आणि निघाले. पश्चात्ताप नव्हता. आजही नाही.

हे पत्र समेटासाठी नाही, कामासाठी आहे. मी घरीच शिकवायला सुरुवात केली आहे. सहा जणी येतात. एक शाळेतली, एक निवृत्त परिचारिका, बाकीच्या अधल्यामधल्या. सहाजणींत मंडोलिन एकच, माझं. आई सांगते, गेल्या हिवाळ्यापासून तुम्ही रंध्याला हात लावलेला नाही, खिडकीशी बसून असता, आता आपल्या हातचं कुणाला हवंय म्हणता. मला हवंय. सहा मंडोलिन हवीत, तुमच्याच हातची. अट एकच. भोकं पाडायची नाहीत. पट्ट्या करायच्याच असतील तर करा, पेटीत वेगळ्या ठेवा. वाजवणारी आपली आपण ठरवेल. भोकं पाडून पाठवलीत तर मी ती बुजवीन, हे आत्ताच सांगते. आणि होकार असो की नकार, आईकडून निरोप नको. फोन तुम्ही स्वतः करा.

तुमचीच, तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी